जुन्या मिनीची ताकद आणि डायनोवरचा आलेख

१९५९ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे बीएमसीने, मिनी बाजारात आणली तेव्हा तिच्या ८४८ सीसीच्या इंजिनातून ३४ बीएचपी मिळत होते. १९६४ मध्ये त्याच गाडीची कूपर एस ही आवृत्ती १२७५ सीसीचं इंजिन घेऊन आली आणि ते ७६ बीएचपी देऊ लागलं. सीसी दीडपट झाली, ताकद मात्र सव्वादोन पट. इंजिन नुसतं मोठं केलं असतं तर गाडी पन्नास-एक्कावन्न बीएचपीपाशी थांबली असती. वरचे पंचवीस आले ते हवा आत जायची वाट मोकळी केल्यामुळे, मिश्रण जास्त दाबल्यामुळे आणि जास्त फेऱ्यांनाही सिलिंडर नीट भरतील अशी कॅमशाफ्टची रचना केल्यामुळे. यातलं बरंचसं बॉनेट उघडून पाहिल्यावर दिसत नाही. एखादा बदल उपयोगी ठरला की नुकसान करून गेला, हे कळायला मोजमापच लागतं. डायनो येतो तो इथे.

हे इंजिन बीएमसीच्या ए-सिरीज घराण्यातलं. १९५१ च्या ऑस्टिन ए-३० मध्ये ते पहिल्यांदा बसलं तेव्हा ८०३ सीसीचं होतं आणि २८ बीएचपी द्यायचं. जुन्या मिनीचं उत्पादन २००० साली थांबलं, तोवर ते बनत होतं. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, तीन बेअरिंगांचा क्रँक, पुशरॉडने चालणारे व्हॉल्व्ह. ज्वलनकक्षाचा बदामी आकार हॅरी वेस्लेक या इंग्रज तज्ज्ञाने दिलेला. रेसच्या मोटारी बनवणारे जॉन कूपर या इंजिनाच्या मागे लागले आणि त्यातून कूपर व कूपर एस निघाल्या. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. विल्टशायरमधल्या डाउंटन गावात डॅनियल रिचमंड यांचं वर्कशॉप होतं. या इंजिनाची हेडं घासून-पुसून त्यांनी इतकं नाव कमावलं की खुद्द बीएमसीने त्यांचा सल्ला घेतला. आपल्याकडे हे घराणं अगदीच अनोळखी नाही. ॲम्बॅसेडरमध्ये कित्येक वर्षं असलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्याच बी-सिरीजचं, या इंजिनाच्या थोरल्या भावाचं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं ॲम्बॅसेडरलाही लागू पडतं.

डायनोचं, म्हणजे डायनॅमोमीटरचं, काम इंजिनाला अडवायचं आणि अडवायला किती जोर लागला ते सांगायचं. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने फिरता शाफ्ट लाकडी ठोकळ्यांमध्ये आवळून धरला, ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडला आणि दांडा शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून टोकाला किती वजन टांगावं लागतं ते पाहिलं. वजन गुणिले दांड्याची लांबी, म्हणजे टॉर्क. लाकूड तापायचं आणि पकड बदलायची, ही त्यातली अडचण. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी जहाजाच्या पंख्याकडे जाणारी ताकद मोजायला पाण्याचा ब्रेक मांडला. त्यात बंद कवचातलं चाक पाणी घुसळतं, ताकद उष्णता होऊन पाण्यात जाते आणि कवच ज्या जोराने वळू पाहतं तो जोर मोजला जातो. आजच्या बऱ्याच डायनोंमध्ये पाण्याच्या जागी चुंबक आहे. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या चकतीत भोवरी प्रवाह उठतात आणि तेच तिला अडवतात. गुंडाळीतला करंट कमीजास्त केला की अडवणूक कमीजास्त होते. दांडा मात्र अजूनही तसाच आहे, फक्त टोकाला वजनाऐवजी जोर मोजणारा लोड सेल असतो.

इंजिन उतरवून थेट ब्रेकला जोडायचा प्रकार कारखान्यांत आणि रेसच्या वर्कशॉपांत चालतो. गॅरेजमध्ये बहुधा गाडी तशीच रोलरवर चढवतात. रोलरचेही दोन प्रकार. एकात नुसता जड ड्रम असतो. चाकांनी तो किती झपाट्याने पळवला यावरून ताकद काढतात. दुसऱ्यात रोलरला ब्रेक असतो, त्यामुळे पूर्ण थ्रॉटल देऊनही गाडी समजा बरोबर ३००० फेऱ्यांवर धरून ठेवता येते. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीला माझ्या मते हा दुसराच प्रकार हवा. एका जागी थांबून, बदल करून, काटा हलतो का ते बघणं त्यावरच जमतं.

डायनो मोजतो टॉर्क आणि फेरे. ताकद हा त्यांचा गुणाकार: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५४९, की किलोवॉट आले, त्याला ०.७४६ ने भागलं की बीएचपी. कूपर एसचे कंपनीने दिलेले आकडे घेऊ. सर्वाधिक टॉर्क ३००० फेऱ्यांना, सुमारे १०७ न्यूटन-मीटर. तिथे ताकद भरते ४५ बीएचपी. सर्वाधिक ताकद ५८०० फेऱ्यांना, ७६ बीएचपी. उलटा हिशेब केला तर तिथला टॉर्क ९३ च्या आसपास येतो. टॉर्क १३ टक्के घसरला, पण फेरे जवळपास दुप्पट झाले म्हणून ताकद वाढतच राहिली. तेव्हा ताकद वाढवायची तर वरच्या फेऱ्यांना टॉर्क कोसळू द्यायचा नाही. तो कोसळतो याचं कारण वेळेची टंचाई. ६००० फेऱ्यांना पिस्टनला वरून खाली यायला ५ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सिलिंडर भरायचा असतो.

रोलरवर जाण्याआधी इंजिन धड आहे की नाही ते बघून घ्यावं लागतं. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, टॅपेटची गॅप, कॉन्टॅक्ट पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा, इनटेक मॅनिफोल्डला कुठे हवा ओढली जाते का. एक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. उभ्या गाडीला वारा मिळत नाही म्हणून समोर मोठा पंखा, धूर बाहेर नेणारा पाइप आणि गाडी जागेवरून उडू नये म्हणून पट्टे, हेही आलंच.

मग ठिणगी. मिश्रण एका क्षणात जळून संपत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी द्यायची असते, अशा बेताने की पिस्टन माथा ओलांडून खाली वळल्यावर साधारण १५ अंशांच्या सुमारास सिलिंडरातला दाब शिगेला पोहोचेल. झोक्याला धक्का देण्यासारखंच हे: झोका अजून अंगावर येत असताना ढकललं तर जोर वाया जातो आणि हाताला दणका बसतो, तो निघून गेल्यावर ढकललं तर हात हवेतच. फेरे वाढले की ज्योत पसरेपर्यंत क्रँक जास्त अंश फिरून जातो, म्हणून ठिणगी आणखी आधी द्यावी लागते. जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन छोट्या स्प्रिंगा करतात. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. ती किती आणि केव्हा सरकेल हे स्प्रिंगा ठरवतात. साठ वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये या स्प्रिंगा ताणून सैल झालेल्या असतात, वजनांच्या खिळ्यांना गंज चढलेला असतो आणि मधल्या दांड्याचं बुश झिजल्यामुळे ठिणगी दर वेळी जराशा वेगळ्या अंशाला पडते. आयडलला स्ट्रोब लाइट लावून टायमिंग अचूक जुळवलं, तरी ४००० फेऱ्यांना काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

डायनोवर तो लागतो. ब्रेकने गाडी २००० फेऱ्यांवर धरायची, पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग दोन अंश पुढे घ्यायचं. टॉर्क वाढला तर आणखी दोन अंश. अशी वेळ येते की अंश वाढवूनही टॉर्क जागचा हलत नाही. मग मागे यायचं, आणि ज्या सर्वांत कमी अंशाला तोच टॉर्क मिळतो तो आकडा लिहून ठेवायचा. हेच २५००, ३०००, ३५०० असं वरपर्यंत. सर्वांत कमी अंश घ्यायचा, कारण त्यापुढे फायदा काही नाही आणि धोका मोठा आहे. ठिणगी फार आधी पडली तर ज्योत पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. गॅरेजमध्ये याला इंजिन ठोकतंय म्हणतात. रस्त्यावर तो आवाज ऐकू येतो. रोलरच्या घरघरीत आणि सायलेन्सरच्या दणदणाटात येईलच असं नाही, आणि पूर्ण लोडवर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून जाणकार माणूस त्या आकड्यापेक्षाही एक-दोन अंश मागेच राहतो. ए-सिरीजला वरच्या फेऱ्यांना एकूण ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी द्यायचे अंश, तिशीच्या आसपास लागतो. नक्की किती, ते कॉम्प्रेशन आणि पेट्रोल ठरवतं. सगळे आकडे हाती आले की डिस्ट्रिब्युटर टेबलावर उघडायचा, बुश बदलायचं आणि हवा तसा ॲडव्हान्स देणाऱ्या स्प्रिंगा शोधायच्या. काम किचकट आहे, पण मधल्या फेऱ्यांना मरगळलेल्या जुन्या गाडीला जिवंत करणारा याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

त्यानंतर कार्बोरेटर. मिनीवर एसयू कंपनीचा असतो आणि त्याची रचना मला फार आवडते. थ्रॉटल उघडला की हवेच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनच्या बुडाला निमुळती सुई असते आणि ती जेटच्या भोकात वरखाली होते. हवा जास्त तर पिस्टन जास्त वर, सुईचा बारीक भाग जेटमध्ये, म्हणून पेट्रोलही जास्त. आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत सगळा कारभार एका सुईवर. ती खांद्यापासून दर अष्टमांश इंचाला किती जाड आहे याचे तक्ते छापलेले आहेत आणि सुया अक्षरांच्या खुणांनी विकत मिळतात. पिस्टनवरची स्प्रिंगसुद्धा रंगावरून ओळखतात: लाल, पिवळी, निळी, हिरवी.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. पण सर्वाधिक ताकद मिळते ती मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त असताना, १२.५ ते १३ ला. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावला की डायनोच्या पडद्यावर टॉर्कच्या रेषेबरोबर हा आकडाही उमटत जातो. समजा ३५०० पर्यंत सगळं ठीक आहे आणि पुढे मिश्रण लीन होत १४.५ वर जातंय. याचा अर्थ सुईचा जो भाग तेव्हा जेटमध्ये असतो तो जाड पडतोय. तक्त्यात असा नंबर शोधायचा जो वरच्या भागात तितकाच जाड आहे आणि खाली बारीक. नुसता जेटचा नट फिरवून जेट खाली घेतला तर सगळीकडेच मिश्रण रिच होतं, आणि सर्वांत जास्त होतं आयडलला, जिथे ते नको असतं. सेन्सर नव्हते तेव्हा याच नटाचा उपयोग परीक्षेसाठी व्हायचा: एकेका फेऱ्यावर नट एक-एक बाजू फिरवायचा आणि टॉर्क वाढतो की घटतो ते बघायचं. नंबराची सुई मिळाली नाही तर जुने मिस्त्री सुई ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने हवी तिथे घासत. काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे हात हलका लागतो.

एक गोष्ट डायनोवर नीट दिसत नाही. थ्रॉटल एकदम दाबला की क्षणभर जास्त पेट्रोल लागतं. एसयूमध्ये ते पिस्टनवरच्या डॅशपॉटमधलं तेल घडवून आणतं, कारण तेलामुळे पिस्टन सावकाश उठतो आणि जेटवरची ओढ वाढते. तेल पातळ असेल तर गाडी चढावर गचका खाते. ते रस्त्यावरच तपासावं लागतं.

या इंजिनाला एक अडचण जन्मतःच आहे आणि ती ट्युनिंगने जात नाही. चार सिलिंडरांना हवा आत घ्यायला वाटा दोनच: पहिला-दुसरा मिळून एक, तिसरा-चौथा मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्या सिलिंडरने हवा ओढली की लगेच पहिला ओढतो, तिसऱ्यामागोमाग चौथा, आणि मग ती वाट बराच वेळ रिकामी. कॅमशाफ्ट जितकी गरम, म्हणजे व्हॉल्व्ह जितके जास्त अंश उघडे, तितका एकाचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत शेजारी ओढायला लागतो. आतल्या दोन आणि बाहेरच्या दोन सिलिंडरांना त्यामुळे सारखं मिश्रण मिळत नाही. सेन्सर मात्र चौघांच्या एकत्र धुराची सरासरी सांगतो. पडद्यावरचा आकडा कितीही सुरेख दिसला तरी या इंजिनाचे चारही प्लग काढून त्यांचा रंग पाहिल्याशिवाय मी तरी काम पुरं झालं म्हणणार नाही. ॲम्बॅसेडरच्या हेडमध्येही हीच रचना आहे.

हेडचं काम, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट हा खर्चाचा भाग यानंतरचा. हेड फेस करून कॉम्प्रेशन वाढवलं की सगळ्या फेऱ्यांना थोडा थोडा टॉर्क वाढतो. ८४८ च्या मिनीत ते ८.३ होतं, कूपर एसमध्ये ९.७५. कॅमशाफ्टचं तसं नाही. जास्त अंशांची कॅम टॉर्क वाढवण्यापेक्षा तो खालून उचलून वर नेते. कुठलाही भाग असो, एका वेळी एकच बदलावा. मॅनिफोल्ड, फिल्टर आणि सुई एकदम बदलून आलेली वाढ कुणामुळे आली ते कळत नाही. तिघांपैकी एकाने तोटाही केलेला असू शकतो.

आता आलेख. लोक पहिल्यांदा बघतात तो सर्वांत मोठा आकडा, आणि माझ्या मते त्या कागदावरचा सर्वांत कमी कामाचा आकडा तोच. तो यंत्रागणिक बदलतो. रोलर चाकांपाशी मोजतो. गिअरबॉक्स आणि टायर मध्ये किती खातात ते गाडी न्यूट्रलमध्ये थांबू देऊन अंदाजाने काढतात. मिनीच्या दहा इंची चाकांचे टायर रोलरवर चटकन तापतात, पट्टे जास्त आवळले तरी आकडा खाली येतो. इंजिन ऑइल थंड असेल तर आणखी फरक. शिवाय हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून तिथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी; महाबळेश्वरला तो १५ टक्के कमी भरेल. मुंबईत ७० बीएचपी देणारी गाडी पुण्यात ६५-६६ देईल आणि तिच्यात बिघाड काहीच नसेल. हा फरक मिटवायला दुरुस्तीचे गुणक असतात, पण तेही दोन प्रकारचे: जर्मन डीआयएन २० अंश तापमान आणि १०१३ मिलिबार दाब धरतं, अमेरिकेचं एसएई २५ अंश आणि ९९० मिलिबार. एकाच गाडीचा डीआयएनचा आकडा त्यामुळे मोठा दिसतो. खरी तुलना एकच: तेच रोलर, तोच दिवस, तेलाचं तेच तापमान, बदलाआधीची रेघ आणि नंतरची रेघ.

ती रेघही पूर्ण बघावी. कूपर एसच्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्याचं प्रमाण १.३५७ आणि चौथ्याचं १. म्हणजे ६००० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन ४४०० च्या आसपास येऊन पडतं. रेसमध्ये कामाचा असतो तो ४२०० ते ६००० मधला टॉर्क. आणि सिंहगडाचा घाट चढायला निघालेल्या गाडीला लागतो २००० ते ४००० मधला. ६५०० फेऱ्यांना पाच बीएचपी देऊन ३००० फेऱ्यांना आठ न्यूटन-मीटर काढून घेणारी कॅम कागदावर जिंकते, पण चालवणाऱ्याला गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते. आधीची आणि नंतरची रेघ एकावर एक ठेवली की हे लगेच दिसतं.

भारतात जुनी गाडी बाळगणाऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. गाडी तशी नोंदवायची असेल तर मोठ्या बोअरच्या आणि गरम कॅमच्या वाटेला न जाता टायमिंग आणि सुईवरच भर द्यावा. दुसरी गोष्ट पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते पूर्ण जळायला १४.७ नव्हे, साधारण १३.५ भाग हवा पुरते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेली सुई तशीच ठेवली तर गाडी सगळीकडे सुमारे आठ टक्के लीन चालते: चढावर तापते, थ्रॉटल देताना अडखळते. डायनोवर ती दुरुस्त करताना एक खबरदारी हवी. वाइडबँड सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या मानाने प्रत्यक्षात किती हवा आहे ते. पडद्यावरचा १३ हा आकडा साध्या पेट्रोलच्या पट्टीवर रूपांतर करून दाखवलेला असतो. त्यामुळे लॅम्डा ०.८५ ते ०.८८ धरून काम करावं, मग पेट्रोल कुठलंही असो. जास्त पेट्रोल सोडणारी सुई बसवली की टायमिंगही एकदा नव्याने तपासायचं. आणि या सगळ्याच्या आधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीलं बदलून घ्यायची. इथेनॉलने ती फुगतात, चिरतात, आणि पूर्ण थ्रॉटलवर धरलेल्या गरम इंजिनावर पेट्रोल गळणं ही रोलरवरची सर्वांत वाईट दुर्घटना आहे.